वर्धक मात्रा : राहिलेली एक नोंद

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विश्वस्त मंडळाने आरोग्यविषयक व्याख्यानासाठी माझे नाव सुचविले, तेव्हा मला संकोच वाटला. मी डॉक्टर नाही. नांदेडला बी.कॉम. केले आणि त्यानंतरचे सारे आयुष्य लोह्याच्या बाजारपेठेत, कापडाच्या गादीवर गेले. मीटर, कात्री आणि खातेवही हीच माझी साधने. परंतु ज्या विषयावर मी बोलणार आहे तो माझ्या घरात घडला आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आपल्यापुढे मांडावी, आणि त्या चुकीनंतर वाचून, विचारून जे समजून घेतले ते सांगावे, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

विषय आहे लशीची वर्धक मात्रा, म्हणजे ज्याला आपण बूस्टर डोस म्हणतो. ती पुन्हा का घ्यावयाची, पहिली एका कंपनीची आणि नंतरची दुसऱ्या कंपनीची घेतली तर काय होते, आणि विषाणू रूप बदलून येतो तेव्हा या मात्रा कितपत उपयोगी पडतात, हे तीन प्रश्न.

प्रथम घरातील हकीकत सांगतो. १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांसाठी लसीकरण खुले झाले. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. त्यांना मधुमेह होता. आम्ही दोघांनी मार्चमध्ये पहिली आणि एप्रिलच्या अखेरीस दुसरी मात्रा घेतली, दोन्ही कोविशील्डच्या. ते दिवस आपणा सर्वांना आठवतात. ऐन लग्नसराईत दुकाने बंद होती, नांदेडला खाट मिळत नव्हती, आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या जाण्याची बातमी फोनवर येत होती. त्या लाटेतून आम्ही दोघे निभावून निघालो. लशीविषयी माझ्या मनात कृतज्ञता होती.

पुढे १० जानेवारी २०२२ पासून सरकारने आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठ वर्षांवरील नागरिक यांच्यासाठी तिसरी मात्रा सुरू केली. तिला प्रिकॉशन डोस असे नाव दिले होते. दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने झाले की ती घ्यावयाची, असा नियम होता. जानेवारीअखेर अण्णांची पाळी आली. आशाताई दुकानात येऊन सांगून गेल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "अण्णा, दोन झाल्या, हिशेब पूर्ण झाला. आता तर सगळे सर्दी-पडशावर जाते आहे. उगीच हात कशाला सुजवून घेता?" अण्णा माझे ऐकत. ते गेले नाहीत.

जुलै २०२२ मध्ये अण्णा आजारी पडले. नांदेडच्या रुग्णालयात अकरा दिवस प्राणवायूवर होते. बरे होऊन घरी आले, परंतु दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. पुढल्या वर्षी पर्युषणापूर्वी ते गेले. तिसरी मात्रा घेतली असती तर असे घडलेच नसते, असे मी म्हणणार नाही. तसे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. परंतु जे संरक्षण दारापर्यंत चालत आले होते, ते मी काही न जाणता परत पाठविले, हे सत्य आहे. "हिशेब पूर्ण झाला" हे माझे वाक्य चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे आता सांगतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घसारा हा शब्द शिकतो. दुकानात नवे यंत्र आणले तर त्याची किंमत पहिल्या वर्षी असते तेवढी पाचव्या वर्षी राहत नाही. दरवर्षी थोडी थोडी वजा करावी लागते. लशीमुळे आपल्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, ज्यांना अँटिबॉडी म्हणतात, त्यांनाही असाच घसारा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत त्यांची संख्या भरपूर असते. पुढे काही महिन्यांत ती उतरत जाते. हा लशीचा दोष नव्हे. शरीर प्रत्येक जुन्या शत्रूसाठी कायमची फौज उभी ठेवीत नाही.

परंतु सारेच जात नाही. शरीरात स्मृतिपेशी नावाच्या पेशी राहतात. त्या शत्रूची ओळख जपून ठेवतात. त्यांना मूळ भांडवल म्हणा. तोच विषाणू पुन्हा आला की त्या जाग्या होतात आणि नवी प्रतिपिंडे करू लागतात. पण जागे होऊन कामाला लागण्यास काही दिवस लागतात. तरुण, निरोगी माणसाला तेवढे दिवस परवडतात. बहात्तर वर्षांच्या मधुमेही माणसाला कधीकधी परवडत नाहीत. म्हणूनच लस घेतलेल्यांना सौम्य आजार पुन्हा होतो, मात्र गंभीर आजारापासूनचे संरक्षण पुष्कळ अधिक काळ टिकते. आणि ज्यांचे वय जास्त, त्यांच्यात तेही लवकर उतरते.

वर्धक मात्रेचे काम दुहेरी आहे. एक तर ती उतरलेली प्रतिपिंडे पुन्हा वाढविते. दुसरे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. पहिल्या मात्रांनंतर काही महिने स्मृतिपेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. शरीरातील लसिका ग्रंथींमध्ये त्यांची निवड चाललेली असते. ज्या पेशी विषाणूला घट्ट पकडू शकतात त्या पुढे येतात, कच्च्या पेशी मागे पडतात. अशा तयार झालेल्या पेशींना पुन्हा एकदा तोच नमुना दाखविला की त्यांच्यापासून होणारी प्रतिपिंडे अधिक सरस असतात. त्यांतील काही तर विषाणूच्या, यापूर्वी न पाहिलेल्या रूपालाही पकडतात. दोन मात्रांत पुरेसे अंतर का ठेवतात, याचे कारणही हेच आहे.

आता विषाणूच्या रूपाविषयी. कोरोनाच्या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. त्यांच्या आधारे तो आपल्या पेशीत शिरतो. बहुतेक लशी शरीराला याच काट्याची ओळख करून देतात. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो, आणि त्यांतील काही चुका त्याच्या फायद्याच्या ठरतात. याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भात, विशेषतः अमरावतीकडे रुग्ण झपाट्याने वाढले. महाराष्ट्रातील नमुन्यांत काट्यामधील दोन बदल एकत्र आढळल्याचे २४ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याला डबल म्युटंट म्हटले. त्याच कुळातील एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. आपल्या घराघरातून माणसे नेली ती याच डेल्टाने.

त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची खबर जगाला दिली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातील पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला. ओमिक्रॉनच्या काट्यात तीसहून अधिक बदल होते. म्हणजे ओळखीचा माणूस अंगावरचे सारे कपडे बदलून आला. ज्या प्रतिपिंडांनी त्याला सदऱ्यावरून ओळखावयाचे, ती फसली.

ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेका लशीच्या, म्हणजे जी आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड या नावाने केली तिच्या, दोन मात्रा घेऊन पाच-सहा महिने झालेल्या लोकांना ओमिक्रॉनच्या लक्षणयुक्त आजारापासून जवळजवळ काहीही संरक्षण उरले नव्हते. त्यांनाच फायझरची तिसरी मात्रा दिल्यावर दोन ते चार आठवड्यांत ते संरक्षण सुमारे ६२ टक्क्यांपर्यंत गेले. दहा आठवड्यांनंतर ते सुमारे ४० टक्क्यांवर आले. मी हे दोन्ही आकडे मुद्दाम सांगतो. केवळ जमेची बाजू दाखविणारा हिशेब खरा नसतो. वर्धक मात्रेचा लाभ खरा आहे, आणि तोही कालांतराने उतरतो, हेही तितकेच खरे आहे. रुग्णालयात जाण्याची वेळ येऊ न देणे, हे तिचे काम मात्र याहून चांगले आणि अधिक काळ चालते.

वरच्या उदाहरणात आपल्या लक्षात आले असेल की आधीच्या मात्रा एका लशीच्या आणि तिसरी दुसऱ्या लशीची होती. हाच दुसरा प्रश्न, मिश्र मात्रांचा.

मे २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात एक गोष्ट घडली. काही गावकऱ्यांना पहिली मात्रा कोविशील्डची दिली होती, त्यांना दुसरी चुकून कोव्हॅक्सिनची दिली गेली. बातमी वाचून आम्ही गादीवर बसून हसलो होतो, घाबरलोही होतो. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ही चूक वाया जाऊ दिली नाही. अशा अठरा जणांची त्यांनी तपासणी केली, आणि दोन्ही मात्रा कोविशील्डच्या घेतलेल्या चाळीस व दोन्ही कोव्हॅक्सिनच्या घेतलेल्या चाळीस जणांशी त्यांची तुलना केली. त्या अठरा जणांना विशेष त्रास झालेला नव्हता, आणि अल्फा, बीटा, डेल्टा या रूपांविरुद्ध त्यांची प्रतिपिंडे इतरांपेक्षा सरस निघाली. अठरा ही संख्या लहान आहे. तिच्यावरून नियम करता येत नाही, आणि सरकारने केलाही नाही. परंतु ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने झालेल्या चाचण्यांतही मिश्र मात्रांनी चांगला परिणाम दाखविला. तेथे तिसऱ्या मात्रेसाठी सात वेगवेगळ्या लशी तपासल्या गेल्या होत्या.

असे का व्हावे? मी माझ्या धंद्यातील उदाहरण देतो. दुकानात नवा मुलगा येतो. त्याला एकाच गिरणीचे सुती कापड दहा वेळा दाखविले तर तो त्या गिरणीचा शिक्का ओळखू लागतो. त्याला तीन गिरण्यांचे सुती कापड दाखविले तर तो सूत ओळखू लागतो. मग छपाई कोणतीही असो, हात लावला की त्याला कळते.

लशींचेही काहीसे असेच आहे. कोविशील्डमध्ये चिंपांझीला सर्दी करणारा एक निरुपद्रवी केलेला विषाणू वाहन म्हणून वापरला आहे. तो काट्याचा आराखडा आपल्या पेशींपर्यंत पोहोचवितो आणि काटा आपल्याच पेशी तयार करतात. तीच लस पुन्हापुन्हा दिली तर शरीर वाहनालाही ओळखू लागते आणि माल उतरण्यापूर्वीच गाडी अडविते. भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन म्हणजे संपूर्ण पण निष्क्रिय केलेला विषाणू. तिच्यात काट्याबरोबर विषाणूचे इतर भागही शरीराला दिसतात. कॉर्बेव्हॅक्समध्ये केवळ काट्याच्या टोकाचे, यीस्टमध्ये तयार केलेले प्रथिन असते. शत्रू एकच, परंतु त्याची ओळख तीन दारांनी होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्या प्रौढांना तिसरी मात्रा कॉर्बेव्हॅक्सची घेण्याची मुभा दिली. आपल्या देशातील ती पहिली अधिकृत मिश्र वर्धक मात्रा. पुढे २०२३ च्या जानेवारीत नाकात थेंब टाकण्याची इन्कोव्हॅक आली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची, खास ओमिक्रॉनसाठी बदललेली जेमकोव्हॅक-ओएम ही लस मान्य झाली. तीही आधी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना वर्धक म्हणून द्यावयाची होती. विषाणूने वेश बदलला, म्हणून लशीचा नमुनाही बदलला.

यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही. जखम झाली की धनुर्वाताचे इंजेक्शन आपण पुन्हा घेतो. लहान मुलांना त्रिगुणी लशीची वर्धक मात्रा दीड वर्षाच्या सुमारास आणि पुन्हा पाचव्या वर्षी देतात. आपल्या नातवंडांना पोलिओचे तोंडावाटे थेंबही दिले जातात आणि पोलिओचे इंजेक्शनही. एकाच रोगावर दोन प्रकारच्या लशी, म्हणजे मिश्र मात्राच झाल्या. फ्लूचा विषाणू दरवर्षी बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा त्या लशीचा नमुना ठरवून देते. आपण हे सारे स्वीकारले आहे. कोरोनाच्या लशीच्या वेळी मात्र आपण "दोन झाल्या, संपले" असे म्हणालो. मी एकटा नव्हे. आपल्या देशात दुसरी मात्रा घेणारे सुमारे ९५ कोटी होते, आणि तिसरी घेणारे सुमारे २३ कोटी. चौघांमागे एक.

आता दोन शंका, ज्या आपल्या समाजात मला वारंवार विचारल्या गेल्या.

पहिली अहिंसेची. स्वाध्यायानंतर एका मातोश्रींनी मला विचारले, "लशीत वासराचे रक्त असते म्हणे, मग ती घ्यावी कशी?" या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू ज्या पेशींवर वाढवितात, त्या पेशी वाढविण्यासाठी नवजात वासराच्या रक्तातील द्रव वापरतात. पुढे त्या पेशी अनेकदा धुतल्या जातात आणि अंतिम लशीत तो द्रव नसतो, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे लशीत तो नाही, पण प्रक्रियेत आहे. खरे उत्तर असे दोन भागांचे आहे, आणि आपल्या माणसांना ते पूर्ण सांगावे. ज्यांच्या मनाला ते बोचते त्यांनी डॉक्टरांना दुसऱ्या प्रकारच्या लशीविषयी विचारावे. मिश्र मात्रांच्या ज्ञानाचा हाही एक लाभ आहे. पहिली जी घेतली तीच पुढे घेतली पाहिजे, असे बंधन राहत नाही. माझ्यापुरते म्हणाल तर, माझ्या श्वासातून घरातील वृद्धाला रोग जाऊ नये, हेही मी अहिंसेतच मोजतो.

दुसरी शंका दुष्परिणामांची. कोविशीलड्सारख्या लशीने क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होतात, हे खरे आहे. ते २०२१ मध्येच जगापुढे आले होते, २०२४ मध्ये त्याची पुन्हा चर्चा झाली, आणि त्याच वर्षी अॅस्ट्राझेनेकाने मागणी उरली नाही असे कारण देऊन आपली लस जगभरातून मागे घेतली. सीरमने कोविशील्डचे उत्पादन त्यापूर्वीच, डिसेंबर २०२१ पासून थांबविले होते. हे प्रकार अतिशय विरळ होते आणि बहुतांशी पहिल्या मात्रेनंतरच्या काही आठवड्यांतील होते. काही वर्षांपूर्वी लस घेतली, आता काय होईल, या भीतीत राहण्याचे कारण नाही.

तर मग आज आपण काय करावे? ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. विषाणू मात्र संपला नाही. मे-जून २०२५ मध्ये देशात रुग्ण पुन्हा वाढले होते. बहुतेकांना आजार सौम्य होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्येच सांगितले की निरोगी तरुणांनी आणि मुलांनी पुन्हापुन्हा मात्रा घेत राहण्याची गरज नाही. अतिवृद्ध, गंभीर सहव्याधी असलेले, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने कमी झाली आहे असे रुग्ण, यांच्यासाठी मात्र शेवटच्या मात्रेनंतर सहा ते बारा महिन्यांनी पुढच्या मात्रेचा विचार व्हावा. म्हणजे प्रश्न "सर्वांनी घ्यावी का" हा नाही. "माझ्या घरात ती कोणाला लागते" हा आहे. त्याचे उत्तर व्हॉट्सअॅपवर मिळत नाही आणि कापडाच्या गादीवरही मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. ते डॉक्टरांना विचारावे. तेव्हाच फ्लूच्या वार्षिक लशीविषयी आणि न्यूमोनियाच्या लशीविषयीही विचारावे. वृद्धांसाठी त्यांचेही मोल मोठे आहे. ज्यांची तपश्चर्या चालू आहे त्यांनी पारणे झाल्यावर, चार घास अंगी लागल्यावर लस घ्यावी, म्हणजे उपवासाचा थकवा लशीच्या नावावर जमा होणार नाही.

शेवटी ट्रस्टच्या विश्वस्तांना एक नम्र विनंती. पन्नास वर्षांत या ट्रस्टने देणगीचा पै न् पै वहीत लिहून ठेवला आहे. दिवाळीच्या पाडव्याला आपण सारे नवी वही उघडतो. येत्या वर्षीच्या वहीत एक पान वेगळे राखावे. त्यावर आपल्या समाजातील साठ वर्षांवरील प्रत्येकाचे नाव, त्यांचे आजार, आणि शेवटची लस कोणती व केव्हा घेतली याची तारीख असावी. थंडी सुरू होण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरांना बोलावून ते पान त्यांच्यापुढे ठेवावे. कोणाला काय हवे ते त्यांनी सांगावे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च ट्रस्टने उचलावा. ज्यांना नेण्यास कोणी नाही त्यांना नेण्याचे काम माझ्याकडे द्यावे. माझी गाडी आहे, आणि दुकान आता मुलगा पाहतो.

अण्णांच्या नावापुढे एक नोंद मी राहू दिली. ती आता भरता येत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी तशी नोंद राहू नये, एवढीच इच्छा आहे.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक आले असेल तर क्षमा असावी.